एडी कॉयलचे मित्र



गुन्हेगारीपट म्हटला की आपल्याला ‘गॉडफादर’ आठवतो. आज मी बोलणार आहे तो चित्रपट त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७३ साली आला, पण आपल्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल : ‘द फ्रेंड्स ऑफ एडी कॉयल’. दिग्दर्शक पीटर येट्स. मूळ कादंबरी जॉर्ज हिगिन्स यांची. हे गृहस्थ स्वतः मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी वकील होते, त्यामुळे गुन्हेगार कसे बोलतात हे त्यांनी जवळून ऐकलेलं.

एडी हा बॉस्टनमधला ५१ वर्षांचा किरकोळ गुन्हेगार. बँका लुटणाऱ्यांना पिस्तुलं पुरवतो. रॉबर्ट मिचमने तो असा उभा केलाय की आपला थकलेला शेजारीच वाटावा. चोरीच्या मालाच्या एका प्रकरणात त्याला न्यू हॅम्पशायरमध्ये शिक्षा व्हायची आहे. तो तुरुंगात गेला तर बायको आणि तीन मुलं सरकारी मदतीवर येणार.

म्हणून तो खबऱ्या होतो. पिस्तुलं विकणाऱ्या पोराला पकडून देतो. सरकारी अधिकारी म्हणतो, एवढ्याने भागणार नाही. मग एडी दरोडेखोरांची नावं द्यायला जातो, तर त्यांना आधीच अटक झालेली! ती खबर दिलेली असते दुसऱ्याच एका ‘मित्रा’ने. संशय मात्र एडीवर. पुढचं सांगत नाही.

यात गोळीबार थोडा, बोलणं फार. बार, उपाहारगृहं, पार्किंगच्या जागा आणि सौदे.

मला हा चित्रपट का लागला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्युरीवर होतो. मुख्य साक्षीदार स्वतः गुन्हेगार. शिक्षा कमी व्हावी म्हणून साक्ष देत होता. आम्ही आरोपीला दोषी ठरवलं. निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. पण ज्याला बरंच ठाऊक असतं, म्हणजे जो गुन्ह्यात खोल बुडालेला असतो, त्याच्याकडे विकायला माल जास्त. ज्याच्याकडे सांगण्यासारखं नावच नाही, तो पूर्ण शिक्षा भोगतो. हे मला ज्युरीच्या खोलीत सुचलं नाही, एडीने दाखवलं.

‘क्रायटेरियन’ने २००९ मध्ये याची डीव्हीडी काढली. जरूर पाहा. आणि हो, ज्युरीचं बोलावणं आलं की आपल्यातले बरेचजण सबबी शोधतात. तसं करू नका. जा, आणि साक्षीदाराला साक्षीच्या बदल्यात काय मिळणार आहे, ते कान देऊन ऐका.