बदली कामगार आणि वर्गणीची वही



विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो नाही. संगणकाचे जे थोडे कळते ते युनियनच्या कचेरीत, सभासदांच्या नोंदी सांभाळता सांभाळता शिकलो. तेव्हा आमची भाषा गिरणगावचीच राहणार.

गूगलने २०१४ साली कुबरनेटिस नावाची व्यवस्था जगापुढे खुली केली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आम्ही तिला मुकादम म्हणतो. अनेक यंत्रे या मुकादमाच्या हाताखाली असतात. कंटेनर म्हणजे आपले सामानसुमान बरोबर बांधून आलेले काम. ते कोणत्या यंत्रावर लावायचे हे मुकादम ठरवतो. एक यंत्र बंद पडले, की दुसऱ्यावर तसाच नवा कंटेनर उभा करतो. म्हणजे हा बदली कामगारच! आज या साच्यावर, उद्या त्या. मात्र त्याने स्वतःजवळ लिहिलेले सारे त्याच्याबरोबरच पुसले जाते.

मग वर्गणीचा हिशेब ठेवावा कुठे? सोपी युक्ती अशी, की ज्या यंत्रावर काम चालू आहे त्याच्याच डिस्कमधला एक कप्पा कंटेनरला उघडून द्यावा. याला होस्टपाथ म्हणतात. कंटेनर गेला तरी वही कप्प्यात राहते. एकच यंत्र असेल, नुसती चाचणी असेल, तर यात वावगे काही नाही.

परंतु यंत्रे तीन झाली, की घोटाळा आला. बदली कामगार दुसऱ्या यंत्रावर लागतो, वही पहिल्यावरच राहते. ‘कप्पा नसेल तर नवा कर’ असे सांगून ठेवले असेल, तर तेथे निमूटपणे कोरा कप्पा तयार होतो. भोंगा वाजत नाही, कोणी ओरडत नाही. आणि वीस वर्षे वर्गणी भरणाऱ्याच्या नावापुढे शून्य दिसते! शिवाय कप्पा नीट निवडला नाही, तर कंटेनरमध्ये शिरलेल्या चोराच्या हाती सबंध यंत्राची किल्ली जाते.

२०१९ साली, १.१४ या आवृत्तीत, ‘लोकल’ साठ्याची सोय पक्की झाली. तीत वही कोणत्या यंत्रावर आहे हे मुकादमाला लिहून द्यावेच लागते. तो त्या कामाला तेथेच पाठवतो. ते यंत्र बंद असेल, तर काम खोळंबते. खोळंबा परवडला; खोटे शून्य परवडत नाही. मात्र डिस्कच जळाली, तर हीही सोय वही वाचवू शकत नाही. दुसरी प्रत अन्यत्र हवीच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपली हजेरी, पगार, वर्गणी ज्यांच्या हाती आहे, त्यांना दोन प्रश्न विचारा : वही कोणत्या यंत्रावर आहे? तिची दुसरी प्रत कोठे आहे? ‘संगणकात आहे’ एवढेच उत्तर आले, तर खाली बसू नका, पुन्हा विचारा.