वाहनावरील वलय-एरियल



हौशी बिनतारी संदेशवाहकांना जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखतात. त्यांच्यापैकी जे आपले यंत्र मोटारीत ठेवून प्रवासात संभाषण करतात, त्यांच्यापुढे एक जुनाच प्रश्न उभा असतो. यंत्र मोटारीत सहज मावते, बॅटरी तर तेथे असतेच. परंतु एरियल कोणते लावावे? घराच्या गच्चीवरून वीस मीटर लांबीची तार ताणता येते. मोटारीच्या टपावर ती कशी ताणावयाची? या प्रश्नाची मुख्यतः दोन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे सर्वांच्या परिचयाची उभी काठी. दुसरे म्हणजे धातूच्या नळीचे वाटोळे वलय. हॅम मंडळी त्याला लूप म्हणतात. या दुसऱ्या उत्तराचे गुणदोष आज आपणापुढे मांडावयाचे आहेत. विषय दिसावयास हौशी लोकांचा आहे. पण पूर, वादळ किंवा भूकंप आला म्हणजे तो सर्वांचाच होतो.

हे वलय काही नवलाईची वस्तू नव्हे. १८८७-८८ साली जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ याने विद्युत्-चुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले, तेव्हा त्या लहरी पकडण्यासाठी त्याने तारेचे एक साधे कडेच वापरले होते. त्या कड्यात सूक्ष्म फट ठेवलेली होती, आणि त्या फटीतून उडणारी बारीक ठिणगी हीच लहर पोहोचल्याची साक्ष. आपल्या घरातील ट्रान्झिस्टरच्या पोटातही फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेले असे एक वलय असते. एखादे मध्यम लहरींवरील केंद्र लावून संच हळूहळू फिरवून पाहावा. एका दिशेला आवाज चांगला येतो, आणि त्या दिशेशी काटकोन होईल इतका संच फिरवला की तो एकदम क्षीण होतो. वलयाची कड केंद्राकडे असली की आवाज मोठा. त्याचे तोंड केंद्राकडे असले की आवाज जवळजवळ नाहीसा. या एका गुणामुळे वलय दिशा ओळखू शकते.

आणि या गुणामुळेच ते प्रथम वाहनावर चढले, ते बोलण्यासाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी. स्पष्ट सांगावयाचे तर पाठलागासाठी. आपल्याच महाराष्ट्रातील एक प्रसंग या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात मुंबईस उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी त्याचे पहिले प्रक्षेपण झाले. उषाबाईंचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांची लहर ४२.३४ मीटर लांबीची होती. प्रकाशाच्या वेगास या लांबीने भागले की सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ हा आकडा येतो; आणि आज भारतातील हौशी मंडळींना ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा जो पट्टा मोकळा आहे, त्यातच तो पडतो. ज्या लहरीवर एकेकाळी बोलणे हा राजद्रोह ठरला, त्याच लहरीच्या आसपास आज आपले नागरिक परवाना घेऊन उघडपणे बोलतात.

गुप्त केंद्र शोधून काढण्यासाठी पोलिसांच्या शोधक मोटारी मुंबईत फिरत होत्या. अशा शोधाचे गणित शाळेतील भूमितीहून कठीण नाही. एका ठिकाणी मोटार उभी करून दिशादर्शक एरियल फिरवावयाचे, आवाज कोठे बुडतो ते पाहावयाचे व नकाशावर रेघ ओढावयाची. दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेच करावयाचे. दोन रेघा जेथे छेदतात, तेथे केंद्र. या शोधाला वेळ लागतो. म्हणून गुप्त केंद्रवाल्यांचा बचाव एकच, प्रक्षेपण थोडे करावयाचे आणि जागा पुनःपुन्हा बदलावयाची. काँग्रेस रेडिओने हेच केले आणि सुमारे अडीच महिने तग धरला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला, तो मात्र केवळ यंत्राच्या करामतीने नव्हे. त्यांच्यातील एक तंत्रज्ञ आधी पोलिसांच्या हाती लागला होता. उषाबाईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. आज हॅम मंडळी हीच विद्या खेळ म्हणून जोपासतात. एकाने लहानसा प्रक्षेपक लपवावयाचा आणि इतरांनी वलय घेऊन तो हुडकावयाचा. पाठलागाचे साधन क्रीडेचे झाले, हे चांगलेच झाले.

आता खरा प्रश्न असा, की जे वलय ऐकण्यात इतके कुशल, ते बोलण्यातही तितकेच कुशल असते काय? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण समजून घेणे हाच या विषयाचा गाभा होय.

एरियलमध्ये आपण जी शक्ती ओततो, तिचे दोन भाग पडतात. एक भाग लहरींच्या रूपाने आकाशात जातो. दुसरा धातूच्या विरोधामुळे उष्णता होऊन वाया जातो. सावकाराचे व्याज आणि घरखर्च यांसारखे हे आहे: व्याजच फार झाले, तर घरात काय उरणार? लहान वलयाच्या बाबतीत लहरींच्या वाट्याला येणारा ‘प्रक्षेपण-विरोध’ अत्यंत अल्प असतो. एक मीटर व्यासाचे, बावीस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या नळीचे वलय घ्या. १४ मेगाहर्ट्झवर त्याचा प्रक्षेपण-विरोध ओहमच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडा कमी भरतो. ७ मेगाहर्ट्झवर तो निम्मा होत नाही, चौथा हिस्साही होत नाही. तो सोळावा हिस्सा होतो, कारण येथे चौथ्या घाताचा नियम चालतो. तांब्याचा स्वतःचा विरोध मात्र तितका घटत नाही. हिशेब असा निघतो, की १४ मेगाहर्ट्झवर शंभरांपैकी सुमारे अडुसष्ट भाग आकाशात जातात, तर ७ मेगाहर्ट्झवर केवळ सोळा. आणि ३.५ मेगाहर्ट्झवर उतरलो तर दोन भागही उरत नाहीत. हे आकडेदेखील वलय मोकळ्या जागी आहे असे धरून काढलेले. खाली मोटारीचा पत्रा आला, सांधे सैल असले, की त्यांतूनही काही गळते.

म्हणून वलय करणाराने पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे आकार. व्यास एक मीटरऐवजी दीड मीटर केला, तर ७ मेगाहर्ट्झवरील सोळा भागांचे एकोणचाळीस होतात. दुसरी गोष्ट म्हणजे नळीची जाडी. आणि तिसरी, सांधे. स्क्रूने आवळलेल्या सांध्यापेक्षा डाग देऊन जोडलेला सांधा केव्हाही श्रेष्ठ. जेथे ओहमच्या शतांशांचा हिशेब आहे, तेथे गंजलेला एक स्क्रू सगळी कमाई खाऊन टाकतो.

दुसरी अडचण जुळणीची. वलयाच्या दोन टोकांमध्ये एक बदलता कंडेन्सर बसवून ते हव्या त्या लहरीशी जुळवावे लागते. ही जुळणी तंबोऱ्याच्या तारेसारखी हळवी असते. वर सांगितलेल्या वलयाचा पट्टा १४ मेगाहर्ट्झवर सुमारे अठरा किलोहर्ट्झ, आणि ७ मेगाहर्ट्झवर सुमारे पाचच किलोहर्ट्झ रुंद असतो. माणसाच्या बोलण्याला तीनेक किलोहर्ट्झ लागतात. म्हणजे संभाषण कसेबसे मावते, आणि थोडे बाजूला सरकावयाचे म्हटले की पुन्हा जुळणी करणे आले. चालत्या मोटारीत चालकाने हे हाताने करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. यासाठी कंडेन्सर फिरविणारी लहानशी विजेची मोटर बसवितात, व तिचे बटण शेजारी बसणाऱ्याच्या हाती देतात. या अरुंदपणाचा एक लाभही आहे: आजूबाजूच्या लहरींवरील गोंगाट ऐकताना बराच गाळला जातो.

तिसरी गोष्ट धोक्याची. यंत्राची शक्ती शंभर वॅटच असली, तरी या वलयातून ७ मेगाहर्ट्झवर पन्नास अँपिअरच्या आसपास प्रवाह खेळतो, आणि कंडेन्सरवर पाच हजार व्होल्टहून अधिक दाब चढतो. साध्या रेडिओ संचातील कंडेन्सर येथे क्षणात ठिणग्या टाकील. वलयास कोणाचा हात लागणार नाही अशी व्यवस्था हवी. आणि टपावर वलय असताना आत माणसे बसलेली असतील, तर शक्ती कमी ठेवावी, बोलणे आवरते घ्यावे. मुलांची मोटारीभोवती गर्दी झाली असता प्रक्षेपण बंदच ठेवावे.

इतके दोष ऐकल्यावर आपण म्हणाल, मग हे वलय घ्यावयाचेच कशाला? मोटारीवरची काठी काय वाईट? काठीचा हिशेबही मांडून पाहू. ७ मेगाहर्ट्झवर अडीच मीटरच्या काठीचा प्रक्षेपण-विरोध दीड ओहमच्या आत असतो, आणि तिच्या पायथ्याचे वेटोळे व जमीन यांत दहा ओहम सहज खर्ची पडतात. म्हणजे दारिद्र्य दोघांच्याही पदरी आहे. फरक आहे तो शक्ती कोठे जाते यात. उभी काठी क्षितिजाकडे चहूबाजूंनी लहरी फेकते. परंतु बरोबर डोक्यावर, आकाशाच्या मध्याकडे, ती काहीच पाठवीत नाही. उभे धरलेले वलय मात्र आपल्या पातळीत सर्वत्र, म्हणून डोक्यावरही, लहरी पाठविते.

डोक्यावर पाठवून उपयोग काय? उपयोग मोठा आहे. सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर वातावरणाचा विद्युद्भारित थर आहे. योग्य लहर सरळ वर पाठविली, तर ती त्या थरावरून परतून कारंज्याच्या पाण्यासारखी आपल्याच भोवती दोनतीनशे किलोमीटरच्या प्रदेशात पडते. मध्ये डोंगर असो, जंगल असो, दरी असो. वरून येणाऱ्या लहरीला त्यांचा अडथळा नाही. दोन मीटर लांबीच्या लहरींवर बोलणारा हातातील संच मात्र टेकडी आड आली की मुका होतो. अमेरिकी लष्करासाठी पॅटर्सन नावाच्या तंत्रज्ञाने आठ बाजूंचे प्रक्षेपक वलय जंगलातील वापराकरिता तयार केले, आणि त्याची माहिती १९६७ साली प्रसिद्ध झाली. काही लष्करी वाहनांवर तर अर्धे वलयच कमानीसारखे बसवितात. उरलेले अर्धे वर्तुळ वाहनाचा पत्रा पुरा करतो.

आता हे आपल्या विदर्भाला लावून पाहा. नागपूरहून मेळघाट किंवा गडचिरोली म्हणजे शे-दोनशे किलोमीटरची बाब. सातपुड्याच्या दऱ्या आणि गडचिरोलीची अरण्ये यांत मोबाइलचा आवाज आजही ठिकठिकाणी हरवतो. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने याच जिल्ह्यातील मोवाड गावावर ओढवलेला अनर्थ नागपूरकर विसरलेले नाहीत. दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. अशा वेळी तारा तुटतात, खांब कोसळतात, मनोरे अंधारात जातात. आणि मदत कोठे, किती, कशाची हवी हे सांगणारा आवाजच नाहीसा होतो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीच्या वेळी अंदमानात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची मंडळी भारती प्रसाद यांच्यासह पोर्ट ब्लेअर येथे होती, आणि त्यांच्या यंत्रांनी तेथील वार्ता मुख्य भूमीस कळविली. ते स्थळ दूरचे होते. आपल्याला बहुधा जवळचेच गाठावे लागेल; आणि जवळचे गाठण्यासाठीच हे वर पाहणारे वलय आहे.

येथे मात्र एक पेच आहे, तो झाकून ठेवणे बरे नव्हे. वलय १४ मेगाहर्ट्झवर सुदृढ. पण त्या लहरी बहुधा जवळचा प्रदेश ओलांडून दूर जाऊन पडतात. जवळच्या कामाला दिवसा ७ मेगाहर्ट्झ हवे, आणि तेथे वलय दुर्बल. रात्री ३.५ मेगाहर्ट्झवर उतरावे लागते, आणि तेथे लहान वलय निरुपयोगी. म्हणून ज्याने त्याने विवेक करावा. मोटार चालती आहे, किंवा अशा जागी उभी आहे की तार बांधावयास झाड नाही, खांब नाही, तर वलय वापरावे, आणि टपाला पेलेल इतके मोठे वापरावे. मोटार दोन झाडांमध्ये उभी राहू शकत असेल, तर वीस मीटरची साधी तार दोनतीन मीटर उंचीवर ताणावी. ती बहुधा वलयाहून सरस ठरेल. रात्रीसाठी त्याच्या दुप्पट लांबीची तार गुंडाळून डिकीत ठेवावी.

वलय पक्के आवळलेले असावे, वाटेतील फांद्या व रेल्वे फाटकावरील आडवी कमान यांना ते लागू नये, आणि परवान्याच्या अटी पाळल्या जाव्यात, हे सांगणे नलगे. परंतु त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे सराव. संकट आल्यावर वलय जुळवावयास शिकणे, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. सुट्टीच्या दिवशी दोन मोटारींनी निघावे, एकीने काटोलच्या रस्त्याला, दुसरीने उमरेडच्या; दर तासाला बोलावे, आणि कोठून आवाज पोहोचला व कोठून पोहोचला नाही, याची नोंद वहीत करावी. कोणत्या वेळी कोणती लहर उपयोगी पडते, हे ती वहीच सांगेल. अशी पाचपन्नास पाने भरलेली वही ज्या गावात आहे, ते गाव वादळाच्या रात्री मुके राहणार नाही.