बुऱ्हाणपुरात आपले स्वागत असो

सन्माननीय अध्यक्ष महोदय, गावोगावहून आलेले शिक्षक, समुपदेशक, पालक आणि माझ्या मुलामुलींनो,

स्वागत समितीच्या वतीने तापीकाठच्या या नगरीत आपले मनापासून स्वागत करतो. बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांची राजधानी, पुढे मुघलांचे दक्षिणेतले ठाणे. 1631 साली मुमताज महलने येथेच देह ठेवला. ताजमहालाआधी तिचे दफन तापीपलीकडच्या जैनाबादेत झाले. आमच्या जामा मशिदीत अरबीसोबत संस्कृत शिलालेखही आहे. तो पाहिल्याशिवाय कृपया परतू नका.

पण आज मला नाव घ्यायचे आहे ते तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाचे. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारे पाणी त्याने हेरले, भुयारे खणून ते वाटेतच अडवले आणि निव्वळ उताराच्या बळावर शहराला पाजले. भुयारावरच्या शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या आपल्याला उद्या दाखवू. ‘कुंडी भंडारा’ नावाची ही पाणीयोजना चारशे वर्षांनंतरही वाहती आहे. खानखानांचे नाव सारे घेतात, या माणसाचे फार थोडे. याची मला खंत वाटते.

किशोरवयीन मुलांच्या मनाचा ठाव घ्यायलाही अशीच, आतले पाणी हेरणारी नजर हवी. एनसीईआरटीच्या 2022 च्या सर्वेक्षणात सहावी ते बारावीचे पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थी होते. शाळेतल्या आयुष्याबद्दल 73 टक्के समाधानी, स्वतःच्या आयुष्याबद्दल मात्र 51 टक्केच! आमच्या मध्य प्रदेशाने 2016 मध्ये आनंद विभाग स्थापन केला, याचा अभिमान आहे; पण मुलांना घरात कोणी निवांत विचारपूस करणारे हवे, असे मला कळकळीने वाटते. बाकी आपण जाणकार आहात.

आता व्यवस्थेविषयी. निवास तीन ठिकाणी विभागावा लागला, काहींना सभामंडपापर्यंत रिक्षाने यावे लागले, गरम पाणी सकाळी सर्वांना वेळेवर मिळाले नाही. त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. भोजनात तिखट जास्त वाटल्यास वाढप्यांना निःसंकोच सांगा. कमी तिखटाची पंगत वेगळी मांडली आहे.

पॉवरलूमच्या मालकांनी आणि कारागिरांनी पिशव्यांचे कापड दिले, केळी बागायतदारांनी घड पाठवले, मिठाईवाल्यांनी मावा जिलेबी आणि दराबा दिला, शाळांनी वर्गखोल्या रिकाम्या करून दिल्या. रात्री जागून सतरंज्या अंथरणाऱ्या स्वयंसेवकांचे, मंडपवाल्यांचे, सफाई कामगारांचे आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणाऱ्या सर्वांचे समिती मनःपूर्वक आभार मानते. कुंडी भंडाऱ्याची गाडी उद्या सकाळी सात वाजता मंडपाच्या दारातून सुटेल. ज्यांना यायचे आहे त्यांनी आज रात्री कार्यालयात नाव नोंदवावे.