हप्ता फिटायच्या आत वस्तू मोडते

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा विषय आम्ही घरातलाच घेतला. पर्यावरण म्हटलं की आपली माणसं म्हणतात, "ते मोठ्या लोकांचं काम. आपण असं काय वापरतो?" आणि कुणी साध्या राहणीचा उपदेश करू लागला, की आपल्याला राग येतो. तो राग योग्यच आहे. आपल्या आजा-पणजांची राहणी साधीच होती; पण ती त्यांनी निवडलेली नव्हती, त्यांच्यावर लादलेली होती.

म्हणूनच बाबासाहेबांनी यंत्राला कधी शत्रू मानले नाही. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याची झडती घेणाऱ्या 1945 सालच्या ग्रंथात त्यांनी मांडले, की यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस सुसंस्कृत होऊ शकत नाही. दोष यंत्राचा नाही, चुकीच्या समाजरचनेचा आहे. तेव्हा मिक्सर, फ्रीज, मोबाईल घरात नको, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पाट्या-वरवंट्यावर जिचे खांदे गेले त्या आईला विचारा यंत्राचं मोल! प्रश्न एवढाच, की यंत्र आपलं चाकर आहे, की आपण त्याचे?

आमचाच अनुभव सांगतो. 2020 साली टाळेबंदीत मुलांची शाळा मोबाईलवर आली. आम्ही "बिनव्याजी" हप्त्यावर फोन घेतला. आधी फी कापली. एक हप्ता चुकला, तर दंड लागला. पुढे बॅटरी फुगली. दुकानदार म्हणाला, "दुरुस्त कशाला करता? नवाच घ्या." आणि आमचे चार हप्ते अजून बाकी! रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. हे आम्हाला फार उशिरा कळले.

उलट बाजूही पाहा. 60 वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळाला, तर महिन्याला 9 युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. म्हणजे वस्तू पारखून घेतली, तर तेच तंत्रज्ञान आपला पैसाही वाचवते आणि वीजही.

आता सांगा, तो फुगलेला फोन जातो कुठे? भंगारात. तिथे तांब्यासाठी वायर जाळली जाते आणि तो धूर कुणाच्या छातीत जातो? कचरा वेचणाऱ्यांत आपल्याच आया-बहिणी किती आहेत, हे वेगळं सांगायला नको. पुण्यात 1993 साली त्यांनी स्वतःची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. आपण ओला-सुका कचरा वेगळा करून दिला, तर त्यांचा हात घाणीत जात नाही. आपल्यासाठी पर्यावरण म्हणजे आधी हे आहे.

चुल्लवग्गात एक कथा आहे. आनंदाला पाचशे वस्त्रे दान मिळाली. राजा उदयनाने विचारले, "भन्ते, इतक्या वस्त्रांचं काय करणार?" आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांची पांघरुणे, पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, त्यांची जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झटकायची फडकी. आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन सारवू. वस्तू घेताना तिचा शेवटही ठाऊक असणे, याला म्हणतात हिशेब!

आपणही खरेदीआधी तीन प्रश्न विचारू या. ही लागते का? ही दुरुस्त होते का? हप्ता संपेपर्यंत टिकेल का? आयटीआय शिकलेल्या आपल्या पोरांनी महिन्यातून एक रविवार विहारात पंखे-मिक्सर दुरुस्तीला बसावे. जुने मोबाईल, बॅटऱ्या यांच्यासाठी इथेच एक पेटी ठेवावी. ती भरली की भंगारात न घालता अधिकृत संकलन केंद्रावर पोहोचवू. पहिला फुगलेला फोन आमचाच असेल!

जयभीम! नमो बुद्धाय!