तीन पानांचा एक निबंध



एखाद्या शास्त्रज्ञाची योग्यता किती, असा प्रश्न निघाला कीं आजकाल उत्तर आंकड्यांत मिळतें. त्याचे निबंध इतके, आणि इतर संशोधकांनीं त्यांचा उल्लेख केला इतक्या हजार वेळां! मुलाचा पगार विचारून सोयरीक ठरवावी, त्यांतलाच हा प्रकार. वास्तविक ही मोजदाद ज्यांच्या सूचीवरून निघाली, त्या यूजीन गारफील्ड यांचा मूळ हेतु निराळा होता. एखादा विचार कोठून निघाला व पुढें कोणाच्या हातीं गेला, याचा माग काढतां यावा, म्हणून त्यांनीं १९५५ सालीं अशा सूचीची कल्पना मांडली. १९६४ पासून ती सूचि नियमानें निघूं लागली. माणसांची प्रतवारी लावण्याचें काम तिच्याकडे मागाहून आलें. २००५ सालीं जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकानें तर शास्त्रज्ञाचें सारें कर्तृत्व एकाच अंकांत बसविलें. ज्याच्या चाळीस निबंधांचा प्रत्येकीं निदान चाळीस वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक चाळीस.

मी आज त्या सूचीचा जुनाच उपयोग करणार आहें. निबंध आहे ‘नेचर’ साप्ताहिकाच्या १९६७ सालच्या ऑक्टोबरमधील एका अंकांतला, अवघ्या तीन पानांचा. त्याच्या प्रथम लेखिका रूथ नुसेनझ्वाइग.

या बाईंचा जन्म १९२८ सालीं व्हिएन्ना येथें, एका ज्यू डॉक्टर दांपत्याच्या पोटीं झाला. नाझींच्या छळामुळें कुटुंबाला ब्राझिलचा आश्रय घ्यावा लागला. साव पावलो येथें वैद्यक शिकत असतांनाच, रक्त देतांना पसरणार्‍या चागास रोगाचे जंतु जेन्शियन व्हायोलेटनें मरतात, हें दाखविणार्‍या संशोधनांत त्यांचा व त्यांचे पति व्हिक्टर यांचा भाग होता. खरचटलें कीं आपल्या घरीं लावीत असत, तेंच हें जांभळें औषध! पुढें ब्राझिलमध्यें लष्करी राजवट आली आणि हें जोडपें न्यूयॉर्कच्या विद्यापीठांत स्थिरावलें.

हिवतापाचा डांस चावतो तेव्हां त्याच्या लाळेबरोबर सुतासारखे बारीक जंतु शरीरांत शिरतात. थोड्याच वेळांत ते यकृत गांठतात, तेथें गुपचूप वाढतात, आणि आठवड्याभरानें हजारोंच्या संख्येनें रक्तांत उतरतात. ताप येतो तो तेव्हां. ज्यांचा रक्तांतला पहिला मुक्काम इतका अल्प, त्यांना आपलें शरीर ओळखणार तरी केव्हां? रूथबाईंनीं व त्यांच्या सहकार्‍यांनीं हे पहिल्या अवस्थेंतले जंतु डांसांच्या लाळग्रंथींतून काढले, क्ष-किरणांनीं त्यांना दुर्बळ केलें आणि उंदरांना टोंचले. मग त्याच उंदरांना ताजे, धडधाकट जंतु टोंचले. बहुतेक उंदरांना रोग झाला नाहीं. तीन पानांत सांगितलें तें एवढेंच.

सूचीचा माग धरून मागें गेलें तर वाट आपल्या देशांत येते. १९४१-४२ च्या सुमारास निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेंत मलिगन, रसेल व मोहन यांनीं असाच प्रयोग कोंबड्यांवर केला होता. त्यांनीं जंतु निकामी केले ते अतिनील किरणांनीं. थोडेंबहुत संरक्षण मिळालेंही. मोहन हें नांव आज किती जणांस ठाऊक आहे?

पुढें गेलें तर वाट लांब आहे. १९७३ सालीं अमेरिकेंत डेव्हिड क्लाइड यांनीं किरण दिलेले डांस मनुष्यास चाववून संरक्षण मिळतें हें दाखविलें. १९८० मध्यें नुसेनझ्वाइग दांपत्याच्या प्रयोगशाळेनें जंतूच्या अंगावरचें प्रथिन ओळखणारा प्रतिपिंड तयार केला. १९८४ सालीं त्या प्रथिनाचा मूळ आराखडा हातीं आला. पाहतात तों चार अमिनो आम्लांचा एकच तुकडा जपाच्या माळेसारखा पुन: पुन: ओवलेला! आतां लस आलीच, असें पुष्कळांस वाटलें. १९८७ सालीं या माळेपासून केलेल्या एका लसीची परीक्षा सहा स्वयंसेवकांवर झाली. तिच्यानें बचावला एक. या अपयशाचाही उल्लेख पुढें अनेकांनीं केला, आणि मोजणारा यंत्रासारखा मोजतो. स्तुति कोणती, तक्रार कोणती, हें तो पाहत नाहीं.

तीच माळ पुढें कावीळीच्या ‘बी’ विषाणूच्या प्रथिनास जोडून ‘आर. टी. एस., एस.’ ही लस झाली. तिच्या नांवांतला ‘आर’ या पुनरावृत्तीचाच. आफ्रिकेंतील सात देशांत पंधरा हजारांहून अधिक मुलांवर तिची परीक्षा झाली. जीं मुलें पहिली मात्रा घेतांना पांच ते सतरा महिन्यांचीं होतीं व ज्यांना चारही मात्रा मिळाल्या, त्यांच्यांत चार वर्षांत तापाचें प्रमाण शेंकडा सुमारें छत्तिसांनीं घटलें. आंकडा तोकडा खरा. पण हिवतापानें वर्षाकाठीं अदमासें सहा लाख माणसें दगावतात, आणि त्यांत बहुतेक आफ्रिकेंतील पांच वर्षांखालचीं मुलें असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो तोकडा म्हणवत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें या लसीची शिफारस केली ती २०२१ सालीं. संशोधकांचा हिशेब मागणार्‍या समित्या तीन-पांच वर्षांपलीकडे पाहत नाहींत. येथें तर चोपन्न वर्षें लागलीं!

रूथबाई २०१८ सालीं वारल्या. ऑक्सफर्डनें तयार केलेल्या ‘आर-२१’ या दुसर्‍या लसीची जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या ऑक्टोबरांत शिफारस केली, तिच्यांतही तीच माळ आहे. ही लस बनते आपल्या पुण्यांत, सीरम इन्स्टिट्यूटमध्यें. तेथून कुप्या आफ्रिकेस जातात. कुपीवर लसीचें नांव असतें, मुदत असते. १९६७ च्या त्या निबंधाचा उल्लेख तेवढा नसतो, आणि म्हणून सूचींतही तो मोजला जात नाहीं.