लाकडाची उंच इमारत आणि आपला किनारा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



सुतार ज्ञातीपुढे लाकडाविषयी बोलावयाचे म्हणजे काशीस गंगेची कावड नेण्यासारखे आहे. तथापि नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथे 2019 साली अठरा मजल्यांची, 85 मीटर उंचीची इमारत लाकडात उभी राहिली, आणि अमेरिकेतील मिलवॉकी येथे 2022 साली पंचवीस मजल्यांची झाली, हे खरे काय, असे आपल्यांतील अनेकांनी मला विचारले. खरे आहे. मात्र मिलवॉकीच्या इमारतीचे खालचे मजले व जिन्याचे गाभे काँक्रीटचे आहेत, हेही सांगितले पाहिजे.

हे लाकूड म्हणजे एका झाडाचा सोट नव्हे. फळ्या वाळवून, गाठी-चिरा काढून टाकून त्या कृत्रिम सरसाने एकमेकींस चिकटवितात. सर्व फळ्यांचे तंतू एकाच दिशेस ठेवले म्हणजे तुळई होते. जर्मनीत ओटो हेट्झर याने 1906 साली तिचे पेटंट घेतले. एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, असे रचले म्हणजे भिंतीएवढा फलक होतो; ही युक्ती ऑस्ट्रिया-जर्मनीत 1990 नंतर वाढीस लागली. पावसाळ्यात दार का दाटते हे आपणांस ठाऊकच आहे. लाकूड तंतूच्या आडव्या अंगाने फुगते, लांबीने जवळजवळ नाही. थर आडवेउभे रचले की एक थर दुसऱ्यास फुगू देत नाही.

आता कोणी म्हणेल, आग लागली तर? पुण्याच्या शनिवारवाड्याचे वरचे मजले 1828 च्या आगीत गेले, ही गोष्ट शाळकरी मुलासही माहीत आहे. परंतु जाड लाकूड बाहेरून कोळसते, आणि तोच कोळसा आतील गाभ्याचे रक्षण करतो. कोळसण्याचा वेग मिनिटास सुमारे पाऊण मिलिमीटर. म्हणजे तासाभरात चार-साडेचार सेंटिमीटर. तेवढी जाडी हिशेबात अधिक धरली की तुळई भार धरून राहते. उघडे लोखंड मात्र साडेपाचशे अंशांच्या सुमारास निम्मे बळ गमावते. वाड्यातील बारीक रिपा, पडदे आणि तक्तपोशी यांची गोष्ट निराळी होती.

लाकडाचा खरा वैरी ओल हा आहे. आपले वाडवडील चाकरीसाठी मुंबईस गेले आणि गिरगाव-भुलेश्वरच्या चाळींत राहिले. त्या तीन-चार मजली चाळींपैकी कितीतरींचा सांगाडा लाकडीच होता. त्या खचू लागल्या, त्या बहुधा मोरीच्या कोपऱ्यापासून. 1969 साली सरकारला त्यांच्या दुरुस्तीसाठी कायदा करावा लागला. आपल्या गावचा खांब मात्र तळखड्यावर उभा असे. जमिनीची ओल आणि वाळवी त्यास सहजी शिवत नसे. नॉर्वेची इमारतही काँक्रीटच्या पायावरच उभी आहे. तळखडाच म्हणा ना तो!

वाऱ्याचा विचार आपणांस टाळता येणार नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आले, आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळींच्या वाड्या ज्यांनी आडव्या झालेल्या पाहिल्या, त्यांस अधिक काय सांगावे? लाकूड काँक्रीटच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके हलके. भूकंपात ते सोयीचे. वाऱ्यात उंच इमारत त्यामुळे अधिक डुलते. म्हणून ब्रुमुंडालच्या वरच्या मजल्यांच्या जमिनी मुद्दाम काँक्रीटच्या केल्या. आपल्या कौलारू घरांची छपरे उडाली, तेथे उणीव बहुतेक ठिकाणी बांधणीची होती: वासा पाटाशी आणि पाट खांबाशी घट्ट जखडला पाहिजे. त्यानंतर अनेकांनी स्लॅब घातला. त्यांस मी दोष देत नाही. परंतु खाऱ्या हवेत आतील सळई गंजते आणि फुगून काँक्रीट फोडते, हेही आपण सारे पाहत आहोत.

सुक्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कर्ब असतो, तो झाडाने हवेतून घेतलेला. घर टिकेल तोवर तो घरातच राहतो. याउलट सिमेंटच्या भट्टीतून कर्बवायू बाहेर पडतो. यास्तवच जग पुन्हा लाकडाकडे वळत आहे. आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने 1993 साली लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी 2020 साली उठविली. तथापि सह्याद्रीचे रान तोडून इमारती उभारणे हा शुद्ध अविचार होय. लाकूड यावयाचे ते लावलेल्या झाडांचेच, आणि झाड वाढावयास वर्षे लागतात.

माझे मत स्पष्ट सांगतो. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यास अठरा मजले नकोत. दोन-तीन मजल्यांची शाळा, आरोग्य केंद्र, धर्मशाळा एवढे पुरे. आणि तेही पाया काँक्रीटचा, पागोळ्या रुंद व लाकूड वाळवीरोधक औषधाने मुरविलेले असेल तरच. मात्र हे काम करणार कोण? आपली मुले रंधा सोडून प्लायवूडच्या कपाटांवर आली, आणि जुन्या घरांचे सागवानी खांब भावाने विकले जात आहेत. कुसू आणि भोक बिनचूक बसविणारे हात अद्याप आपल्याकडे आहेत. त्यांस नकाशा आणि भाराचे गणित मात्र कोणी शिकविले नाही. म्हणून ज्ञातीच्या शिक्षणनिधीतून प्रतिवर्षी एका विद्यार्थ्यास, मुलगा असो वा मुलगी, स्थापत्याच्या शिक्षणासाठी साहाय्य द्यावे, आणि सुटीत त्याने आपल्या एखाद्या वृद्ध कारागिराजवळ बसून जुन्या घरांच्या सांध्यांचे नकाशे काढावेत, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा चौथा हिस्सा मी स्वतः देईन.