घरबसल्या सामना कोणाला दिसतो?

श्रोते हो, समजा धडगावच्या डोंगरात एका घरावर दूरदर्शनची मोफत छत्री आहे आणि शहाद्याला दुसऱ्या घरी केबलची तार. भारताचा एकदिवसीय सामना चालू आहे. दोघांनीही दूरदर्शन लावले. डोंगरातल्या घरी खेळ दिसतो. दरमहा पैसे भरणाऱ्याकडे मात्र भलताच कार्यक्रम! असे का बरे व्हावे?

आकाशातील प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. पुढे २००७ मध्ये कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून जाहीर झालेला सामना खासगी वाहिनीने विकत घेतला, तरी त्याचे थेट चित्रण तिने प्रसार भारतीला जाहिरातींविना दिलेच पाहिजे. फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही त्यात येतो.

पण ज्याने दाम मोजले, त्याचाही हक्क आहेच. म्हणून २०१७ मध्ये न्यायालयाने मर्यादा घातली: हे चित्रण दूरदर्शनने आपल्या प्रक्षेपणावर आणि आपल्या छत्रीवर दाखवावे; केबलवाल्यांमार्फत नव्हे.

तेव्हा मंडळी, सामन्यासाठी खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. सामना जाहीर यादीतला आहे काय? आणि तो आपल्या घरी येणार कोणत्या वाटेने? छत्री आणि पेटी एकदाच घ्यावी लागते. मासिक वर्गणी नाही. क्लबांच्या स्पर्धांवर मात्र हा हक्क सांगता येत नाही.

गुरुजनहो, एवढे गावात समजावून सांगा. हक्क ठाऊक असला, तरच तो पदरात पडतो.